आरशाला हात लावायचा न्हाय

रेवा, ईशान,

परवा व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला आमच्या सोसायटीचं पार्किंग दाखवत होते. तेवढ्यात रेवाने विचारलं, "आजी, ती जुनी हिरवी स्कूटर कुणाची? आणि तिचा आरसा असा वाकडा का?" मी "माझी" एवढंच म्हटलं आणि तुमची शाळेची बस आली. प्रश्नाचं उत्तर पूर्ण वाक्यात द्यावं, असं मी आयुष्यभर मुलींना शिकवलं. पण हे उत्तर एका वाक्यात मावत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. कोल्हापूरची बोली मी जशी ऐकली तशीच ठेवली आहे. अडलं तर मोठ्याने वाचा. ती कानाने कळते.

स्कूटर मुळात कुसुमची. कुसुमआजी तुम्हाला आठवते का? ईशानला नसेल आठवत. रेवाला तिने कसबा बावड्याच्या आपल्या गोठ्यात नेऊन थेट धारेचं दूध पाजलं होतं आणि रेवाच्या ओठावर फेसाची पांढरी मिशी आली होती. कुसुम त्या मिशीला सलाम करून म्हणाली होती, "या फौजदार, बसा." तीच ही. तिला जाऊन आता काही दिवाळ्या झाल्या. आम्ही एकाच मुलींच्या शाळेत होतो. ती भूगोल शिकवायची, मी इंग्रजी. शिक्षकखोलीत ती मला सुमती म्हणून हाक मारत नसे. "ए इंग्लिश, डबा उघड की," अशी तिची हाक असे, आणि ती तीन वर्गांत ऐकू जाई.

कुसुम उंच होती. फळ्याच्या वरच्या कडेला ती सहज उत्तर ध्रुव काढायची. त्याच फळ्यावर तारीख लिहायला मला स्टूल लागे. हा उंचीचा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. माझं सगळं नीट असायचं: पेनांना टोपणं, वह्यांना कव्हरं, साडीला पिना. तिच्या पर्समध्ये खडू, पेंडीचे तुकडे, कंगवा आणि अर्धी खाल्लेली भडंगाची पुडी एकत्र सुखाने नांदत. पेंड म्हणजे गुरांचा खुराक. ती चुकून एकदा आमच्या मुख्याध्यापिकांनी चिक्की समजून तोंडात टाकली होती. कुसुम शांतपणे म्हणाली, "चावून खावा मॅडम, ताकद येती."

तिने मुलींना सगळं जग शिकवलं, पण स्वतः साताऱ्याच्या पुढे गेली नाही. सकाळ-संध्याकाळ धार काढायची असे. सहल असली की तिचा पहिला प्रश्न, "धारेच्या वक्ताला परत येतोय का आपण?" जग तिला म्हशींवरूनच कळत होतं, आणि मुलींनाही तसंच कळलं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी पुढच्या बाकावरच्या मुलीला विचारलं, ऋतू का होतात? मुलगी उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "पृथ्वी सरळ उभी नसते, सर. पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी एका अंगावर रेललेली असते. म्हणून ऊन कधी या अंगाला जास्त लागतं, कधी त्या."

साहेबांनी चष्मा काढला. "हे कुणी शिकवलं?"

कुसुमने मागून हात वर केला. "चुकलं का काय, साहेब?"

"नाही. बरोबर आहे."

"मग झालं की. चा घेणार?"

तुमच्या आईला कॅलगरीत नोकरी लागली तेव्हा मी आठवडाभर उदास होते. कुसुम म्हणाली, "कॅलगरी व्हय? गुरांचा मुलूख हाय तो. चांगल्या जागी पडली पोरगी. थंडी तेवढी सोस म्हणावं." मग तुमच्या आईने तिथल्या रानगव्यासारख्या जनावराचा फोटो पाठवला, बायसनचा. तो तिने चष्मा लावून, फोन लांब धरून, जवळ धरून पाहिला. शेवटी म्हणाली, "म्हस बरी हाय. पण हिला कटिंग कराय पायजे."

आता गुलछडीकडे येते. गुलछडी ही कुसुमची म्हैस. कुसुमच्या सासरी गोठा होता आणि तो तिचे दीर पाहायचे. त्यांना सगळे बापू म्हणत. कुसुमचे यजमान लवकर गेले, तेव्हापासून बापूच घरचे कर्ते. मिशा मोठ्या, आवाज मोठा, मन मोठं, पण एखादी गोष्ट डोक्यात बसली की क्रेन लावूनही हलत नसे. गुलछडीची आई बाळंतपणात गेली आणि ते काळं, ओलं, लटपटतं पिल्लू बापूंनी कुसुमच्या ओट्यापाशी आणून ठेवलं. "वैनी, जगतंय का बघा." कुसुमने बाटलीने दूध पाजून ते जगवलं. अंगावर पांढरा केससुद्धा नसलेल्या त्या पिल्लाचं नाव तिने गुलछडी ठेवलं. "वास येतो का बघ," असं म्हणून तिने मला हुंगायलाही लावलं. वास आला. गुलछडीचा नव्हता.

शाळेतून परतताना कुसुम रोज पेंड घेऊन जायची, या हिरव्या स्कूटरवरून. स्कूटरचा सायलेन्सर फुटलेला होता. ती सुरू झाली की फट्-फट्-फटाक् असा आवाज होई, आणि तिसऱ्या ठोक्याला चिमण्या उडत. तो आवाज आला की खाणं येतं, एवढं गुलछडीला डोळे उघडल्यापासून ठाऊक. ती आवाजामागे धावायला लागली. आधी अंगणात, मग गल्लीत, मग शेताच्या रस्त्याला. मी कुसुमला कितीदा म्हटलं, "अगं, सायलेन्सर दुरुस्त करून घे, मी ओळखीचा मेकॅनिक देते." ती म्हणाली, "आता करता येत न्हाय. तिला आईचा आवाज हाय त्यो."

एवढं सगळं करताना आम्हा दोघी शिकल्यासवरल्या बायकांच्या एक गोष्ट ध्यानात आली नाही. म्हशीला स्कूटर ओळखीची होती. वर कोण बसलंय, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

एका वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनाला पुण्याच्या एक निवृत्त प्राचार्या पाहुण्या होत्या. खादीची साडी, मोत्याच्या कुड्या, फार हळू बोलणं. त्या बावड्यात भाचीकडे उतरल्या होत्या. त्यांना आणायला ठरवलेला रिक्षावाला आलाच नाही. माझी गाडी पंक्चर. कुसुम मुलींना कोळीनृत्याच्या टोपल्या वाटत होती. तिने कनवटीची किल्ली माझ्याकडे फेकली. "माझी घिऊन जा. पण आरशाला हात लावायचा न्हाय. परत जमवायला मला आठ दिस लागत्यात."

मी हात लावला नाही. पण आरसा तिच्या उंचीला बसवलेला. मी खाली बसल्यावर मला त्यात रस्ता दिसेना. दिसत होते ते नारळाचे शेंडे, विजेच्या तारा आणि लोकांच्या वरच्या मजल्यावरच्या गॅलऱ्या. मी पाहुण्यांना मागे बसवलं आणि निघाले. बावड्याच्या चौकात दोन माणसं हात वर करून ओरडली. मी मान लववून नमस्कार केला. मला वाटलं, पाहुण्यांना ओळखतात.

पुलाच्या अलीकडे पाहुण्या माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "आपण कुणाला सोबत घेतलंय का?"

"नाही बाई, रिक्षा आलीच नाही."

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मग आपल्यामागे एक म्हैस येते आहे. तिची ओळख असावी असं तिच्या चेहऱ्यावरून वाटतं."

मी मान वळवली. गुलछडी. नाक वर, शेपटी वर, अगदी आनंदात. माझा धीर सुटला आणि मी स्कूटर जोरात सोडली. फट्-फट्-फटाक् वाढलं तशी तीही वाढली, कारण तिला शिकवलेलंच ते होतं. राजारामपुरीत कोचिंग क्लासची मुलं बाहेर येऊन शिट्ट्या वाजवत होती. मी प्रत्येक वळणाला हात दाखवून वळत होते. शाळेच्या फाटकात मुली दोन्ही बाजूंना फुलं घेऊन उभ्या, लेझीम वाजतंय, आणि आम्ही तिघी आत शिरलो. मुलींना सांगितलं होतं, गाडी आली की फुलं टाका. त्यांनी टाकली. बहुतेक गुलछडीवर पडली आणि तिने बरीचशी खाल्ली.

कुसुम स्टेजवरून धावत आली. "इंजान बंद कर की! इंजान!" मी बंद केलं. गुलछडी तत्काळ थांबली आणि पाहुण्यांच्या पदराला नाक पुसून उभी राहिली. पाहुण्या उतरल्या, कुड्या सावरल्या आणि भाषणात म्हणाल्या की, इतकं मनापासून स्वागत त्यांचं कुठे झालं नव्हतं. नंतर दर संक्रांतीला त्यांचा कुसुमला फोन येत असे, आणि पहिली चौकशी गुलछडीची असे.

तुम्हाला वाटेल, हा नुसता गमतीचा मामला. कुसुमलाही तसंच वाटत होतं. पण त्या दिवसापासून तिच्या मनात एक गोष्ट शिरली ती शिरलीच.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून रस्त्याने पळवतात. अंग धुऊन तेलाने चकाकतं केलेलं, शिंगं रंगवलेली, त्यांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या आणि घुंगरांच्या माळा. मालक पुढे मोटारसायकलवर, सायलेन्सर काढून टाकलेली, आणि म्हैस त्याच्या मागे. दोर नाही, काठी नाही. आपल्या माणसामागे ती कशी बेभान पळते, हे दाखवायचं. सगळा बावडा रस्त्याच्या दोन्ही कडांना उभा असतो. मालक नेहमी पुरुष. कुसुम म्हणाली, "यंदा गुलछडी मी पळवणार."

बापू म्हणाले, "वैनी, मी हाय तवर आपल्या दारातनं बाईमाणूस म्हस पळवणार न्हाय. लोक हसतील."

"हसू देत की. दिवाळी हाय. रडायचा सण हाय का?"

बापू हलले नाहीत. त्यांनी स्वतःच गुलछडीला सजवलं, नवीकोरी मोटारसायकल काढली आणि चौकात नेली. मी कुसुमबरोबर गॅलरीत होते. कुसुमचं घर चौकातच, वरच्या मजल्यावर गॅलरी. बापूंनी गाडी अशी फिरवली की कानाचे पडदे हलले. गुलछडीने त्यांच्याकडे पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं आणि रस्त्याच्या मधोमध खाली बसून रवंथ सुरू केलं. मागच्या म्हशी अडल्या. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "बापू, पावण्या दमल्यात, चा सांगा त्यांस्नी."

बापू घरी आले ते कपाळावरचा गुलाल पुसत. "वैनी, तुमची म्हस माजलीया."

"म्हस माजली न्हाय, भावजी. तुमची गाडी तिला वळखीची न्हाय."

"मग पुढल्या साली तुमची गाडी मला द्या."

"गाडी माझी, म्हस माझी. पळवणार पण मीच." कोल्हापूरच्या बायका एरवीही पुरुषासारखंच 'मी येतो, मी जातो' म्हणतात. त्या दिवशी ती तसं बोलली नाही, तरी आवाज तोच होता.

असं पुढे बरीच वर्षं चाललं. पाडवा आला की बापू नाही म्हणायचे, कुसुम त्या दिवशी त्यांना करंज्या द्यायची नाही, आणि भाऊबीजेला दोघं पुन्हा एका पंगतीत जेवायची. निवृत्तीनंतर तर ती रोज पहाटे कारखान्याच्या रस्त्याला गुलछडीला पळवायची. मी थर्मास घेऊन बांधावर बसत असे. पुढे हिरवी स्कूटर, तिच्यावर पदर खोचलेली कुसुम, मागे ते काळं धूड, आणि दोघींच्या मागे उसाच्या तुऱ्यांतून वर येणारा सूर्य. "मागं बघायचं न्हाय, इंग्लिश," ती मला चहा पिताना सांगायची. "आपण मागं बघितलं की तिला वाटतं, थांबायचं हाय. आपण आपलं पुढं बघून जायचं. ती येती."

"आणि नाही आली तर?"

"तर आपण एकट्यानंच गेल्यालं असतो. त्यात काय वाईट हाय?"

मग तिचं दुखणं निघालं. त्याबद्दल मी लिहीत नाही. तिने स्वतःच ते चार वाक्यांत उरकलं होतं. डॉक्टरांना तिने एवढंच विचारलं, "पाडव्यापतुर स्कूटरवर बसता येईल का?" डॉक्टर रिपोर्ट चाळायला लागले. ती म्हणाली, "मग भूगोलात नापास तुम्ही. बावडा हिथनं लांब न्हाय."

पण त्या दिवाळीत तिला जिना उतरणंही जमेना. वसुबारसेच्या दिवशी माझ्या राजारामपुरीतल्या फ्लॅटची बेल वाजली. बाहेर बापू, टोपी हातात. सोफ्याच्या अगदी कडेला बसले. चहाला हात लावला नाही.

"बाई, वैनीचं काय खरं न्हाय."

"मला माहीत आहे, बापू."

"तिचं एकच हाय. गुलछडी पळाय पायजे पाडव्याला. आन ती माझ्यामागनं येत न्हाय. त्या गाडीमागनं येती." ते टोपीकडे बघत राहिले. "तुमच्यामागनं एकदा आलती."

मी म्हटलं, "बापू, मीसुद्धा बाईमाणूसच आहे."

"एवढं दिसतंय की मला," बापू म्हणाले. "लोक हसतील त्येंचं मी बघतो."

मी सत्तरीला आले होते. आयुष्यात सिग्नल तोडला नव्हता. तरी हो म्हटलं. कुसुमला सांगायला गेले तेव्हा ती उशांना टेकून बसली होती. ती आधी बापूंकडे बघून हसली, इतकी हसली की खोकला आला. मग मला जवळ बोलावून किल्ली दिली.

"भ्यालीस का?"

"हो."

"मग बरं हाय. भ्यालेलं माणूस हळू जातं. म्हशीला बी वय झालंय." आणि मी दाराशी गेल्यावर, "ए इंग्लिश. आरशाला हात लावायचा न्हाय हं."

पाडव्याला बापूंनी पहाटेपासून गुलछडीला नटवलं. शिंगांना केशरी रंग, मोरपिसं, गळ्यात घुंगरं. मला फेटा बांधायला आले, मी हेल्मेटच हवं म्हणून हटून बसले. शेवटी त्यांनी फेटा हेल्मेटवरून बांधला. मी बुटांच्या नाड्या दुहेरी गाठीने बांधल्या. चौकात गर्दी मावत नव्हती. मी स्कूटर सुरू केली. फट्-फट्-फटाक्. पारावरची कबुतरं उडाली आणि माझ्या पाठीमागे घुंगरं एकदम वाजली.

चौकाच्या वळणावर मी सवयीने उजवा हात काढून दाखवला. गर्दी लोटपोट झाली. "आजी, हात कुणाला दावताय? म्हशीला वळायचं कळतंय!" बापू माझ्या बाजूने धावत होते, कपाळभर गुलाल, मिशा घामाने ओल्या, आणि हसणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगत होते, "हसा की! हसा! माझ्या वैनीची म्हस हाय! माझ्या वैनीची!" एका बाईने कडेवरच्या लेकराला वर धरलं. कुणीतरी माझ्यावर भंडारा उधळला आणि माझा चष्मा पिवळा झाला.

मला मागे बघायची फार इच्छा झाली. गुलछडी येते आहे की थांबली, की मी एकटीच हेल्मेटवर फेटा बांधून बावड्यातून चालले आहे. मी मागे वळले नाही. मी आरशात पाहिलं.

आरशात म्हैस दिसली नाही. दिसणारच नव्हती. आरसा कुसुमच्या उंचीला लावलेला होता, आणि मी खाली बसले होते. आरशात कुसुमच्या घराची गॅलरी होती. प्लॅस्टिकच्या खुर्चीत ती बसली होती, खांद्यावर शाल. नाही, बसली नव्हती. दोन्ही हातांनी कठडा धरून ती उभी राहिली होती, आपल्या पूर्ण उंचीएवढी. तोंड उघडं. काय ओरडत होती ते फट्-फट् आवाजात ऐकू येत नव्हतं. तिने एक हात कठड्यावरून काढला आणि पुढे दाखवला: पुढं, पुढं बघ. आणि हसली.

घुंगरं माझ्या मागे वाजत होती. मी पुढे बघितलं.